पक्षी सप्ताहात कोंबडीचा पंख मुलांच्या हातात द्या

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याच्या एका टोकाला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला डॉ. सालिम अली यांचा. शाळांतून या दिवसांत प्रभातफेरी निघते, घोषवाक्ये रंगवली जातात, चित्रकलेची स्पर्धा होते. त्या चित्रांत बगळा हमखास असतो आणि त्याचा गुडघा हमखास मागे वाकलेला असतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. बऱ्याच तक्त्यांवर आणि विज्ञान प्रदर्शनांतल्या थर्माकोलच्या प्रतिकृतींवर तेच असते. पक्ष्यांविषयी जिव्हाळा वाढवायचा तर त्यांचे शरीर चालते कसे हे एकदा तरी हाताने चाचपून बघायला हवे, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात आणि बॅडमिंटन कोर्टाच्या कचरापेटीत मिळते. सप्ताहातली एखादी स्पर्धा कमी करून दोन तासिका या कामाला द्याव्यात, एवढेच शाळांना सांगायचे आहे. कसे करावे आणि कुठे फसते, ते पुढे लिहितो.

पायापासून सुरुवात करू. बगळ्याच्या पायात मध्यावर जो सांधा मागे दुमडतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा वर, पोटाच्या पिसांत झाकलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. हे फळ्यावर दहा वेळा सांगून डोक्यात शिरत नाही, अख्खा पाय हातात आला की पाच मिनिटांत शिरते. अडचण अशी की दुकानात पायाचे तुकडे होतात. मांडी आणि तंगडी गिऱ्हाइकाला मिळते, खवल्यांचा पंजा घोट्यापाशी तोडून टोपलीत जातो. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की पाय मांडीपासून नखांपर्यंत अखंड हवा. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे उकडला की सांधे न सुटता मांस सैल होते. मग मुलांनी एक हात स्वतःच्या पायावर आणि एक हात कोंबडीच्या पायावर ठेवून वरून खाली यायचे: खुबा, मांडी, गुडघा, नडगी, घोटा. तंगडीतल्या जाड हाडाला चिकटलेली जी सुईसारखी बारीक काडी जेवताना टोचते, ते आपल्या नडगीशेजारच्या बारीक हाडाचे भावंड आहे. घोट्याखालचा लांब खवलेदार भाग म्हणजे तळपाय. त्यातली हाडे जुळून एक झालेली असतात. कोंबडी उभी असते ती फक्त बोटांवर. मुलांना टाचा उचलून चवड्यांवर वर्गात एक चक्कर मारायला लावली की पुढे काही बोलावे लागत नाही.

तुटलेल्या कच्च्या पंज्याचाही एक उपयोग आहे. कापलेल्या टोकाला पांढऱ्या चकचकीत दोऱ्या दिसतात, त्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा. मागच्या बाजूची कंडरा चिमट्यात धरून ओढली की बोटे मुठीसारखी मिटतात, पुढची ओढली की उघडतात. न जमण्याची कारणे ठरलेली आहेत. पंजा सांध्याच्या फार खाली तोडला असेल तर कंडरा आत सरकतात आणि चिमट्यात येत नाहीत. त्या निसटतातही फार, म्हणून टोक कोरड्या कापडात धरावे. उकडलेल्या पंज्यावर हा प्रयोग होतच नाही. आणि यावरून ‘पक्षी झोपला की पाय आपोआप फांदीला कुलूपबंद होतो’ असे ठोकून देऊ नये. वजनाने बोटे मिटणे सगळ्याच पक्ष्यांत तितके आपोआप घडते असे नाही.

पंखाच्या बाबतीत दुकानदाराला तीन गोष्टी बजावाव्या लागतात: कातडीसकट, टोकासकट आणि न तोडता. टोकाला मांस नसते म्हणून ते सर्रास उडवतात, आणि नेमका पक्ष्याच्या हाताचा ‘पंजा’ तिथेच असतो. मनगटापुढे तळहाताची जुळलेली हाडे, एक लहानसा अंगठा आणि दोन बोटे. त्या अंगठ्यावरची छोटी पिसे उतरताना उचलली जातात. घार वेग कमी करते तेव्हा खालून नीट बघितले तर दिसतात. एका पंखावर तीन मुले पुरेत, म्हणजे तीस मुलांना दहा पंख. यापेक्षा जास्त मुले बसवली की एक मूल काम करते आणि बाकीची एकमेकांना चिमटे काढतात.

आधी कापाकापी नको. डाव्या हातात खांद्याचे टोक धरावे, उजव्या हाताने पंखाचे टोक हळूच बाहेर ओढावे. मनगट उघडताच कोपरही आपसूक उघडते. कोपर मिटले की मनगट मिटते. पुढच्या हातातली दोन हाडे एकमेकांवर सरकतात म्हणून हे घडते. त्या दोघांपैकी जाड हाड मागचे, आणि उड्डाणाची आतली पिसे त्यालाच रुतलेली असतात. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये कातडीची एक तिकोनी घडी ताणली जाते, तिच्या कडेला रबरासारखी दोरी बोटाला लागते. कोंबडीच्या पंखाची पुढची कड हीच. आता बोथट टोकाच्या कात्रीने ती घडी कापावी आणि पंख पुन्हा उघडून बघावा, तो लुळा पडल्यासारखा होतो. एका काठीवर सात-आठ पिसे चिकटवून केलेला पंख का उडत नाही, याचे उत्तर त्या कापलेल्या घडीत आहे.

या सगळ्यात उत्तम प्रयोग मात्र अख्ख्या कोंबडीवरचा, आणि तो शिक्षकांनीच करावा. पंख खाली आपटणारा स्नायू छातीवर असतो हे मुलांना पटते. पंख वर उचलणारा स्नायू कुठे असेल विचारले तर सगळी पाठीकडे बोट दाखवतात. छातीच्या हाडाचा होडीच्या तळासारखा उभा पडदा बोटाने शोधावा. त्याच्या एका बाजूने सुरी हाडाला लावून चालवावी आणि छातीचा मोठा स्नायू उचलून बाजूला करावा. खाली हाडाला चिकटून फिकट, चातीसारखा निमुळता असा दुसरा लहान स्नायू दिसतो. त्याच्या पोटातून पांढरी कंडरा खांद्याकडे जाते. स्नायूचे शेपटीकडचे टोक हाडापासून सोडवून घ्यावे, कोरड्या कापडात पकडावे आणि शेपटीच्या दिशेने ओढावे. पंख वर उचलला जातो. ओढतो आहोत मागे-खाली आणि पंख जातो वर! खांद्याजवळ तीन हाडांमध्ये एक भोक असते, त्यातून कंडरा वळून दंडाच्या हाडावर वरच्या बाजूने बसते. हा विहिरीवरचा रहाट आहे. दोर खाली ओढायचा, बादली वर येते. दोन्ही जड स्नायू पोटाशी राहिल्याने पक्ष्याचा तोल सुटत नाही, हेही लगे हात सांगून होते. प्रयोग फसतो तो बहुधा दुकानातच. सोलताना खांदा निखळलेला असतो किंवा सुरी खांद्यापर्यंत नेल्यामुळे कंडराच तुटलेली असते. म्हणून कोंबडी कातडीसकट आणि तुकडे न करता आणावी. गोठवून पुन्हा सैल केलेली चालते, पण स्नायू हाताला पिठूळ लागतो आणि ओढताना फाटतो.

छातीचे मांस पांढरे आणि तंगडीचे गडद का, हा प्रश्न इथे कुणीतरी विचारतेच. कोंबडी दिवसभर चालते आणि उडते क्षणभर. दमाच्या कामाच्या स्नायूत प्राणवायू साठवणारे लाल द्रव्य जास्त असते. लांब उडणाऱ्या बदकाची छाती म्हणूनच गडद.

आता ‘पोकळ हाडे’. पाठ्यपुस्तकातले हे वाक्य अर्धे खरे आहे आणि प्रयोगात सर्वांत जास्त गोंधळ त्यानेच होतो. शिक्षक मोठ्या उत्साहाने ब्रॉयलरची तंगडी फोडतात आणि आत निघतो लालभडक मगज. कोंबडीच्या मांडी-तंगडीच्या हाडांत मगजच असतो. हवेची जागा असते ती दंडाच्या हाडात, आणि पाच-सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये तीही पुरती तयार झालेली असेलच असे नाही. पोकळी दाखवायची तर म्हातारी गावठी कोंबडी किंवा अंडी देणे थांबवलेली लेअर कोंबडी आणावी, तिचे दंडाचे हाड साफ करून वाळवावे आणि लोखंड कापायच्या बारीक दातांच्या करवतीने उभे चिरावे. अंडी देत असलेल्या कोंबडीच्या मांडीचे हाड चिरले तर वेगळीच गंमत दिसते. आतली जागा भुसभुशीत हाडाने भरलेली असते. अंड्याच्या कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची ती साठवण. आणि पक्ष्याचा सांगाडा शरीराच्या मानाने सस्तन प्राण्यापेक्षा फार हलका असतो, हे म्हणणेही टिकत नाही; त्याची हाडे पातळ असली तरी घट्ट असतात.

सांगाडा मांडून ठेवायचा असेल तर प्रेशर कुकर वापरू नये. हाडे मऊ पडतात, बारीक हाडे रश्शात विरघळल्यासारखी होतात. उघड्या भांड्यात मंद उकळीवर तासभर ठेवावे, जुन्या दातघासणीने मांस काढावे, भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात एक रात्र ठेवून तेलकटपणा घालवावा. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस. ब्लीचिंग पावडर लावली तर हाडाचा पृष्ठभाग खडूसारखा सुटतो. ब्रॉयलरच्या हाडांची टोके अजून कूर्चेची असतात, ती गळून पडतात आणि सांधे जुळत नाहीत. इथेही म्हातारी कोंबडीच उपयोगी. मानेचे मणके तारेत ओवावेत. कोंबडीच्या मानेत साधारण १४ मणके असतात, माणसाच्या ७ आणि जिराफाच्याही ७. पण दुकानात मान कापताना दोन-तीन मणके डोक्याकडे किंवा धडाकडे जातात, म्हणून मोजणी कमी भरते. हे मुलांना आधी सांगावे, नाहीतर ती आकडा ‘बरोबर’ करण्यासाठी एकच मणका दोनदा मोजतात.

दात नसलेल्या पक्ष्याच्या पोटात चक्की असते. तिला दुकानात पेठा म्हणतात, पुस्तकात पेषणी. दुकानात तो चिरून धुऊनच ठेवलेला असतो, म्हणून गावठी कोंबडीचा आणि न फोडलेला मागावा. उभा चिरला की आत खडे, धान्य आणि पिवळसर खरबरीत अस्तर दिसते. अस्तर नखाने कागदासारखे सोलून निघते. ब्रॉयलरच्या पेठ्यात खडे जवळजवळ नसतात, कारण त्याचे खाद्य आधीच दळलेले असते. दोन्ही शेजारी ठेवून मुलांनाच कारण शोधू द्यावे. काळजाजवळची हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, सगळ्यावर हिरवा डाग पसरतो.

मांसाला हात लावायचा नसेल त्यांच्यासाठी चक्कीचा प्रयोग ज्वारीवर करता येतो. मूठभर ज्वारी आठ तास भिजवून दोन जुन्या सुती मोज्यांत सारखी वाटून घालावी. एकात वाटाण्याएवढे दहा-बारा गुळगुळीत खडे टाकावेत. दोन्हींवर दोन-दोन चमचे पाणी शिंपडून तीन मिनिटे मळावे, मग प्रत्येक मोजा वाटीवर पिळावा. खड्यांच्या मोज्यातून दुधासारखे पाणी येते, दुसऱ्यातून जवळजवळ नितळ. प्लास्टिकची पिशवी घेतली तर खड्यांनी फाटते. कोरडी ज्वारी घेऊन कुणी हा प्रयोग करत असेल तर त्याला थांबवू नये. दाणे फुटत नाहीत, आणि पेठ्याच्या आधी गळ्याखाली अन्न भिजवणारी पिशवी कशाला हवी, हे तिथेच उलगडते.

पिसांसाठी बॅडमिंटनच्या तुटक्या फुलांइतकी स्वच्छ आणि फुकट वस्तू नाही. एका फुलात १६ पिसे असतात, बदकाची किंवा हंसकुळातल्या पाळीव पक्ष्याची, आणि सगळी एकाच बाजूच्या पंखातली. म्हणून ते हवेत एकाच दिशेने फिरते. नायलॉनचे फूल अर्थातच नको. पिसाचा पडदा बोटांनी उलट चोळावा, तो तंतूतंतूंत विसकटतो. मग चिमटीत धरून दांड्याकडून टोकाकडे दोन-तीनदा हलकेच ओढावा, पुन्हा एकसंध होतो. दहापट भिंगातून पाहिले तर तंतूंना बाजूने फुटलेले उपतंतू दिसतात. त्यांवर सूक्ष्म आकडे असतात, ते शेजारच्या उपतंतूंत अडकतात. आकडे मात्र या भिंगातून दिसत नाहीत, शाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो. दांडा आडवा कापला की आत पांढरा फेसासारखा गाभा. फुलाची मर्यादा अशी की पिसे कापून आकार दिलेली असतात. उड्डाणाच्या पिसाची पुढची बाजू अरुंद आणि मागची रुंद असते, ते त्यात नीट कळत नाही. त्यासाठी परसातल्या कोंबडीने किंवा बदकाने टाकलेले पीस आणून साबणाने धुवावे, स्पिरिटमध्ये बुडवून उन्हात वाळवावे. धुतलेल्या पिसावर ‘तेलामुळे पाणी ओघळते’ हा प्रयोग करायला जाऊ नये, तेल गेलेलेच असते. तरीही थेंब बऱ्याचदा ओघळतो, कारण निम्मे काम तंतूंच्या घट्ट विणीचे असते.

मुलांनी रस्त्यावरची पिसे आणि मेलेले पक्षी उचलून आणू नयेत, यावर मात्र ठाम राहावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून हा धोका आपल्या दाराशी आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हे शिकारीच्या व्याख्येतच बसते. ‘रिकामे घरटे’ म्हणून सुगरणीचा खोपा वर्गात टांगणारे शिक्षक हे विसरतात.

कच्च्या मांसाबद्दल चार गोष्टी. ते बर्फाच्या डब्यात आणावे आणि बाहेर काढल्यावर तासाभरात आवरावे. नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू उडतात. कच्चे मांस सहावीच्या वरच्या मुलांनाच द्यावे, धाकट्यांना उकडलेली हाडे, पिसे आणि अंडी पुरेत. हात साबणाने वीस सेकंद, आणि जेवणाचा डबा त्यानंतरच उघडायचा. घरून लेखी होकार घ्यावा. ज्याला नको त्याला फुलांच्या आणि मोज्यांच्या टेबलावर बसवावे, पण ते टेबल शिक्षेचे वाटणार नाही असे मध्यभागी मांडावे.

अंड्याचे प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून फक्त चुका सांगतो. कवच विरघळवण्यासाठी बाजारातले ४ टक्क्यांचे व्हिनेगर चालते, पण एका रात्रीत काम होत नाही. दीड दिवस लागतो आणि मधे एकदा व्हिनेगर बदलावे लागते. झाकण घट्ट लावू नये, वायू साठतो. तपकिरी अंड्याचा रंग साय होऊन वर येतो, ती घाण नव्हे. कवचाची छिद्रे दाखवायची तर अंडे हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवावे, बोथट टोकाकडून बुडबुड्यांची रांग निघते. तिथे हवेची पोकळी असते. उकळत्या पाण्यात अंडे तडकते आणि मुलांना वाटते फट म्हणजेच छिद्र. दुकानातले अंडे उबवायला मात्र ठेवू नये. लेअर फार्मवर कोंबडा नसतो, २१ दिवसांनी वास तेवढा येईल.

घरातली साधने चोची मानून खाद्य उचलायचा खेळही बहुतेक ठिकाणी आधीच ठरवलेला असतो: सांडशी म्हणजे पोपट, ड्रॉपर म्हणजे शिंजीर, चहाची गाळणी म्हणजे रोहित (फ्लेमिंगो), आणि मुले जोड्या लावून मोकळी होतात. त्यापेक्षा प्रत्येक साधन प्रत्येक खाद्यावर तीस सेकंद चालवू द्यावे: शेंगदाणे, भिजवलेल्या शेवया, सरबत, पाण्यात सोडलेला सब्जा. किती उचलले ते फळ्यावर तक्त्यात मांडावे. एखाद्या वेळी चिमटा शेंगदाण्यालाही सांडशीपेक्षा सरस ठरतो, तर ठरू द्यावा. गाळणी मात्र उपडी धरायला सांगावी. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो आणि जिभेने पाणी आतबाहेर करत गाळतो. ठाण्याच्या खाडीवर किंवा भिगवणला गेलेल्या मुलांनी हे लांबून पाहिलेले असते, पण चोच उपडी आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलेले असते.

कार्यशाळा झाल्यावर हाडे शाळेमागे फेकू नयेत. उकडलेली हाडे तडकून अणकुचीदार होतात आणि कुत्र्यांच्या घशात अडकतात. कागदात बांधून ओल्या कचऱ्यात द्यावीत.

आपल्याकडे एकच मागणे आहे. पक्षी सप्ताहात आपल्या बालपुरवणीत पक्ष्याचे चित्र येईल, तेव्हा त्यासोबत दोन स्तंभांत कोंबडीचा अख्खा पाय आणि त्याशेजारी माणसाचा पाय छापावा, आणि दोन्हींवर गुडघा व घोटा यांना बाण दाखवावेत. शिक्षक ते कात्रण वर्गात लावतील.

आपले नम्र,
शालेय विज्ञान कार्यशाळा घेणारे काही शिक्षक, पुणे